‘व्हॅलिड अनटिल’ लावलं की प्रवेश आपोआप बंद होतो? होत नाही

डेटाबेसचा तात्पुरता प्रवेश कसा द्यायचा, याची एक छोटी कृती खूप फिरते. नवा युजर करा. त्याला फक्त सिलेक्ट, म्हणजे डेटा वाचण्याची परवानगी द्या. पासवर्डला व्हॅलिड अनटिल लावा. पोर्ट 5432, म्हणजे डेटाबेसचं नेटवर्कवरचं दार, त्या माणसाच्या आयपीला उघडा आणि विसरून जा, मुदत संपली की सगळं आपोआप बंद. बाहेरून आलेला लेखापरीक्षक असो, रिपोर्ट बनवणारा असो, रात्री बग शोधायला बसलेला डेव्हलपर असो, सगळ्यांना हीच कृती चालते म्हणे.

एकेक ओळ तपासून पाहू. मुख्यतः पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून बोलतो, मधे मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेसही येईल, कारण तिथे हाच समज जास्त महागात पडतो.

“व्हॅलिड अनटिल लावा, वेळ झाली की युजर बंद.”

व्हॅलिड अनटिल ही पासवर्डची मुदत आहे, रोलची (पोस्टग्रेसमध्ये युजरला रोल म्हणतात) नव्हे. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण तिथवर कोणी वाचत नाही. त्यामुळे कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये त्या माणसाला लागू होणारी ओळ पीअर, सर्ट किंवा ट्रस्ट असेल, तर मुदत उलटून महिना झाला तरी तो आरामात आत येतो. पासवर्ड विचारलाच जात नाही, मग त्याची मुदत कोण बघणार?

ओळ स्क्रॅमची, म्हणजे पासवर्ड तपासणारी असली तरी तपासणी फक्त लॉगिनच्या क्षणी होते. समजा मुदत संध्याकाळी 6 ची आहे. पाहुण्याने, म्हणजे तात्पुरता प्रवेश मिळालेल्या माणसाने, 5.55 ला कनेक्शन उघडलं. 6 वाजता काहीच घडत नाही. 6.40 ला तो क्वेरी चालवतो आणि उत्तर येतं. लॅपटॉप चालू ठेवून घरी गेला आणि त्याचं टूल दर मिनिटाला कनेक्शन जागं ठेवत असेल, तर सकाळीही येतं. मुदत दारावर तपासली जाते, आत बसलेल्याला कोणी उठवत नाही. क्लाउडवरच्या अल्पायुषी टोकनांचंही हेच. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेत पासवर्डऐवजी चालणारं आयएएम टोकन 15 मिनिटांत मरतं, पण त्याने उघडलेलं कनेक्शन मरत नाही.

मधे पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शनं उघडी ठेवून वाटून देणारा मध्यस्थ) असेल तर गुंता वाढतो. युजरलिस्ट फाइलमध्ये पासवर्ड लिहिलेला असेल तर येणाऱ्याची ओळख पीजीबाउन्सरच पटवतो, आणि मागे डेटाबेसशी जोडलेलं जुनं कनेक्शन शिल्लक असेल तर तेच त्याच्या हाती देतो. डेटाबेसला नवं लॉगिन दिसतच नाही. अशा कनेक्शनचं आयुष्य ठरवणारा सर्व्हर_लाइफटाइम मुळात 3600 सेकंद असतो, म्हणजे मुदतीनंतरही तासभर हा खेळ चालू शकतो.

एक बारीक चूक तारखेची. व्हॅलिड अनटिलला नुसतं ‘2026-03-14’ दिलं तर त्याचा अर्थ 14 तारखेची सुरुवात, रात्री 00:00. “14 पर्यंत” असं डोक्यात असतं, आणि 14 ला सकाळी पाहुण्याला फक्त “पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड” दिसतं. खरं कारण, म्हणजे पासवर्ड एक्स्पायर झाला आहे ही ओळ, सर्व्हरच्या लॉगमध्ये पडते, त्याला दिसत नाही. मग अर्धा दिवस पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करण्यात जातो. वेळ आणि टाइमझोनसकट लिहा: ‘2026-03-14 18:00+00’.

तरीही व्हॅलिड अनटिल लावाच, पण नोंद म्हणून. पीजी_रोल्समधल्या रोलव्हॅलिडअनटिल या रकान्यात ती तारीख बसते, आणि दर 5 मिनिटांनी चालणारा एक जॉब ती वाचून खरं काम करू शकतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी

ऑल्टर रोल पाहुणा नोलॉगिन;

आणि मग चालू सेशनांची यादी दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमधून यूजनेम = ‘पाहुणा’ असलेला प्रत्येक पीआयडी (सेशनच्या प्रक्रियेचा क्रमांक) घेऊन त्यावर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड. क्रम उलटा केला तर दोन आज्ञांच्या मधल्या क्षणात टूल स्वतःहून पुन्हा जोडलं जातं. टर्मिनेट करण्यासाठी जॉबच्या रोलला पीजी_सिग्नल_बॅकएंड पुरतो, सुपरयुजर देऊ नका. नोलॉगिन करण्यासाठी मात्र त्याला क्रिएटरोल लागतो, आणि आवृत्ती 16 पासून त्या पाहुण्यावर ॲडमिन ऑप्शनही. पाहुण्याचा रोल याच जॉबच्या रोलने बनवला तर तो आपसूक मिळतो. व्हॉल्टसारखं तात्पुरते रोल बनवून देणारं साधन वापरत असाल तर रोल रद्द करण्याच्या आज्ञांमध्ये टर्मिनेटची ओळ आहे की नाही हे स्वतः उघडून पाहा.

“मायएसक्यूएलमध्ये पासवर्ड एक्स्पायर इंटरव्हल 1 डे द्या, तेच काम होतं.”

अजिबात नाही. मायएसक्यूएलमध्ये पासवर्डची मुदत संपली की सर्व्हर युजरला म्हणतो, पासवर्ड बदल. नेहमीचा मायएसक्यूएल क्लायंट अशा वेळी सँडबॉक्स अवस्थेत आत घेतला जातो. तिथे दुसरं काही करता येत नाही, पण ऑल्टर युजरने स्वतःचा पासवर्ड बदलता येतो. बदलला की पुढचा एक दिवस पुन्हा सुरू. पुनर्वापरावर बंदी घातलेली नसेल तर जुनाच पासवर्ड परत ठेवला तरी चालतं. ज्याला बाहेर काढायचं त्याच्याच हातात किल्ली.

इथे अकाउंट लॉक लागतं, आणि तेही फक्त नव्या लॉगिनला अडवतं. चालू कनेक्शनं प्रोसेसलिस्टमधून शोधून किल करावी लागतात. ड्रॉप युजर केलं तरी उघडं सेशन तुटत नाही. रिव्होकचा, म्हणजे परवानगी काढून घेण्याचा परिणामही एकसारखा नाही. टेबल आणि कॉलमवरची परवानगी काढली तर पुढच्या क्वेरीपासून, डेटाबेसपातळीची काढली तर डेटाबेस निवडणाऱ्या पुढच्या यूज आज्ञेपासून, आणि ग्लोबल काढली तर नव्या कनेक्शनपासून. म्हणजे सर्वांत मोठी परवानगी सर्वांत उशिरा जाते. पोस्टग्रेसमध्ये रिव्होक निदान चालू सेशनलाही पुढच्या क्वेरीपासून लागतं.

“फक्त सिलेक्ट आहे, त्याने काय बिघडणार?”

या वाक्यावर सगळ्यांचा विश्वास असतो, आणि प्रॉडक्शन याच वाक्याने बंद पडतं.

पाहुण्याने बिगिन म्हणून ट्रान्झॅक्शन (एकत्र धरला जाणारा आज्ञांचा गट) सुरू केलं, ऑर्डर्स टेबलवर एक सिलेक्ट चालवलं आणि तो जेवायला गेला. त्या ट्रान्झॅक्शनकडे ऑर्डर्सवर ॲक्सेस शेअर लॉक आहे. हा सर्वांत हलका लॉक, पण ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. इकडे डिप्लॉय, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती चढवणं सुरू होतं आणि ऑल्टर टेबल ॲड कॉलम येतं. त्याला ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह, म्हणजे इतर सगळ्यांना अडवणारा लॉक हवा, म्हणून ते थांबतं. आता त्याच्यानंतर येणारी ॲप्लिकेशनची प्रत्येक साधी सिलेक्टसुद्धा त्या ऑल्टरच्या मागे रांगेत उभी राहते. दोन मिनिटांत कनेक्शनं संपतात आणि साइट खाली. अशा वेळी बहुतेक जण ऑल्टर मारतात, तेवढ्यापुरती रांग हलते. पण जेवायला गेलेलं सेशन तसंच राहतं आणि पुढचा डिप्लॉयही त्याच जागी अडकतो. पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज हे फंक्शन नेमकं अडवणारं सेशन दाखवतं, ते हाताशी ठेवा.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे रोलवर स्टेटमेंट_टाइमआउट (एका क्वेरीची वेळमर्यादा) आणि आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून गप्प बसण्याची मर्यादा) लावणं. जरूर लावा, मी पहिल्याला 60 सेकंद आणि दुसऱ्याला 2 मिनिटं ठेवायला सांगेन. पण ऑल्टर रोल सेटने दिलेली ही मूल्यं फक्त सुरुवातीची असतात. पाहुणा सेट स्टेटमेंट_टाइमआउट = 0 म्हणाला की संपलं, आणि ते म्हणायला त्याला कोणतीही खास परवानगी लागत नाही. डिफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्लीचंही तेच. ते चुकून होणारं लिखाण टाळतं, मुद्दाम केलेलं थांबवत नाही. युजरला बदलता न येणारी मर्यादा म्हणजे कनेक्शन लिमिट. पाहुण्याला 2 पुरतात. बाकीसाठी वर सांगितलेल्या जॉबलाच एक अट जोडा: पाहुण्याच्या सेशनचा एक्सॅक्ट_स्टार्ट (ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) 10 मिनिटांहून जुना असेल तर टर्मिनेट.

सिलेक्टने लिहिताही येतं. फंक्शन बनवलं की एक्झिक्यूटची परवानगी मुळातच पब्लिकला, म्हणजे सगळ्या रोलना मिळते. एखादं फंक्शन सिक्युरिटी डिफायनर असेल तर ते मालकाच्या हक्काने चालतं, आणि पाहुण्याच्या ‘सिलेक्ट अमुक_फंक्शन()’ मधून टेबलात नोंद पडू शकते. प्रवेश देण्याआधी पीजी_प्रॉकमध्ये प्रोसेकडेफ खरं असलेली फंक्शनं एकदा काढून पाहा. ज्यांचं आश्चर्य वाटेल त्यांच्यावरचं पब्लिकचं एक्झिक्यूट काढून ॲपच्या रोलला नेमकं द्या. शिवाय ॲडव्हायजरी लॉक (ज्याचा अर्थ ॲपच ठरवतं असा लॉक) कोणीही घेऊ शकतं, आणि काही मायग्रेशन टूल्स त्याच लॉकवर चालतात.

परवानग्या देतानाही गफलत होते. ‘ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स’ त्या क्षणी असलेल्या टेबलांनाच लागतं. उद्या बनलेलं टेबल पाहुण्याला दिसणार नाही. मग कोणीतरी वैतागून पीजी_रीड_ऑल_डेटा देऊन टाकतं, जो आवृत्ती 14 पासून आहे आणि सगळ्या स्कीमांमधलं (टेबलांच्या कप्प्यांमधलं) सगळं दाखवतो, सेशन टोकनं आणि पासवर्डचे हॅश ठेवलेली टेबलंही. त्यापेक्षा वेगळ्या स्कीमामध्ये मोजके व्ह्यू (टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरी) करा आणि फक्त त्यांच्यावर सिलेक्ट द्या. मोबाइल क्रमांकाचे शेवटचे 4 अंकच दाखवायचे असतील तर ते व्ह्यूमध्येच उरकतं. व्ह्यूने ओळी गाळायच्या असतील तर सिक्युरिटी_बॅरिअर लावायला विसरू नका, नाहीतर क्वेरीत घुसवलेल्या फंक्शनमधून गाळलेल्या ओळी गळू शकतात.

रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचायची प्रत) असेल तर पाहुण्याला तिथेच पाठवा. रोल मात्र प्रायमरीवरच, म्हणजे मूळ सर्व्हरवरच बनतो आणि तिथूनच उतरतो. त्यामुळे प्रायमरीच्या पीजी_एचबीएमध्ये त्या रोलसाठी रिजेक्टची ओळ हवी. ही फाइल प्रत्येक सर्व्हरची वेगळी असते, हे इथे कामी येतं. लांबलचक क्वेरी रेप्लिकावर 30 सेकंदांनंतर रद्द होऊ शकते, कारण मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले मुळात तेवढा असतो. हे पाहुण्याला आधीच सांगा. हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू करून सोडवलं तर व्हॅक्यूमचा (जुन्या ओळींच्या साफसफाईचा) भार प्रायमरीवर जातो.

“पोर्ट त्याच्या आयपीला उघडा, एसएसएल आहेच.”

मोबाइल किंवा घरच्या इंटरनेटचा आयपी बदलतो आणि बऱ्याचदा शेकडो लोकांत वाटलेला असतो. फायरवॉलचा नियम काढला तरी आधीच जुळलेलं कनेक्शन बऱ्याच स्टेटफुल फायरवॉल चालू ठेवतात. आणि “एसएसएल आहेच” म्हणजे काय? लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीचा एसएसएलमोड मुळात प्रेफर असतो, म्हणजे जमलं तर एन्क्रिप्शन, नाहीतर तसंच. रिक्वायर केलं तरी रूट सर्टिफिकेट दिलेलं नसेल तर समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासलं जात नाही. तपासायचं असेल तर व्हेरिफाय-फुल. सर्व्हरच्या बाजूला होस्टऐवजी होस्टएसएसएल लिहा. पीजी_एचबीएमध्ये वरून पहिली जुळणारी ओळच लागते, म्हणून वर ‘होस्ट ऑल ऑल’ बसलेली असताना खाली लिहिलेला काटेकोर नियम कधीच वाचला जात नाही.

पोर्ट बाहेर न उघडता बॅस्टियनवरून (बाहेरून येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या मधल्या सर्व्हरवरून) एसएसएच बोगदा काढणं जास्त बरं. पाहुण्याच्या सार्वजनिक किल्लीच्या ओळीआधी ऑथराइज्ड_कीज फाइलमध्ये चार गोष्टी हव्यात: रिस्ट्रिक्ट, पोर्ट-फॉरवर्डिंग, परमिटओपन=“डेटाबेसचा पत्ता:5432” आणि एक्स्पायरी-टाइम=“202603141800”. नुसत्या रिस्ट्रिक्टने टर्मिनल जातं, पण आज्ञा चालवता येतात. म्हणून कमांड=“/बिन/फॉल्स” हेही जोडा आणि पाहुण्याला एसएसएच -एन (मोठा N) पर्यायाने जोडायला सांगा. एक्स्पायरी-टाइमसाठी ओपनएसएसएच 7.7 किंवा पुढची आवृत्ती लागते. आणि हो, हीसुद्धा दारावरचीच मुदत. उघडा बोगदा उघडाच राहतो, बंद करताना त्या युजरच्या एसएसएचडी प्रक्रिया माराव्या लागतात. बोगद्यातून येणारे सगळे डेटाबेसला बॅस्टियनच्याच आयपीवरून दिसतात, म्हणून प्रत्येक माणसाला वेगळा रोल द्या, नाहीतर लॉग पाहून कोण काय करत होतं ते कळणार नाही.

“पासवर्ड चॅटवर टाका, तात्पुरताच तर आहे.”

चॅट तात्पुरतं नसतं. शिवाय क्रिएट रोलमध्ये उघडा पासवर्ड लिहिला आणि लॉग_स्टेटमेंट हे सेटिंग डीडीएलवर (रचना बदलणाऱ्या आज्ञा नोंदवण्यावर) असेल, तर तो सर्व्हरच्या लॉगमध्ये जसाच्या तसा जातो. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या क्लायंटची बॅकस्लॅश-पासवर्ड ही आज्ञा आपल्याच मशीनवर हॅश करून मग पाठवते, ती वापरा.

“काम झालं की ड्रॉप रोल, विषय संपला.”

विषय तिथे सुरू होतो. रोलला थेट ग्रँट दिलेले असतील तर ड्रॉप रोल “काही गोष्टी यावर अवलंबून आहेत” म्हणून नकार देतो. मग ज्या ज्या डेटाबेसमध्ये परवानग्या दिल्या त्या प्रत्येकात जाऊन ड्रॉप ओन्ड बाय चालवावं लागतं, आणि ते पाहुण्याने बनवलेली टेबलंही उडवतं. ती हवी असतील तर आधी रीअसाइन ओन्ड बाय. “त्याला तर क्रिएट नव्हतंच” असं वाटत असेल तर डेटाबेस 15 च्या आधीच्या आवृत्तीतून अपग्रेड झालाय का ते पाहा. तसं असेल तर पब्लिक स्कीमामध्ये कोणालाही टेबल बनवण्याची जुनी मुभा बहुधा अजून शिल्लक असेल. तिथे ‘रिव्होक क्रिएट ऑन स्कीमा पब्लिक फ्रॉम पब्लिक’ आधीच करून ठेवा.

सोपी वाट सुरुवातीलाच निवडता येते. सगळ्या परवानग्या ‘तपासणी_वाचन’ अशा नोलॉगिन गटरोलला द्या, आणि पाहुण्याला फक्त त्याचा सदस्य करा. पाहुण्याच्या नावावर थेट काहीच नसलं की ड्रॉप रोल एका ओळीत होतो, सदस्यत्व आपोआप निघतं, आणि पुढच्या पाहुण्यासाठी गट तसाच तयार असतो. ड्रॉप रोलने मात्र नकार दिला, तर त्याच्या त्रुटीखालच्या तपशिलात नेमकं काय अडकलंय ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय ड्रॉप ओन्ड चालवू नका.