जांभ्यावर मशीन सतत वाजतं तेव्हा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या मेटल डिटेक्टरवरच्या (जमिनीतला धातू शोधणाऱ्या मशीनवरच्या) लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. पन्हाळ्याकडच्या मित्राच्या जांभ्याच्या माळावर मशीन एकसारखं वाजत राहिलं. सहा फुटांची खात्री देऊन विकलेल्या त्याच मशीनला अंगणात चार बोटं खोल पुरलेला रुपया मिळाला नाही. आणि असले लेख वाचूनच गुप्तधनवाले गडांवर खड्डे पाडतात. शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे चूक आमची आहे.

मूळ लेखात कायद्याचा भाग अगदी तळाला होता. तो आता सर्वांत वर आणलाय. पन्हाळा हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, 2025 पासून जागतिक वारसा यादीतही आहे. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिरही संरक्षित आहे. अशा हद्दीत परवान्याशिवाय खणणं प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्याखाली गुन्हा ठरतो, त्यामुळे तिथे मशीन न्यायचंच नाही. आणि स्वतःच्या शेतात जरी जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू निघाली, तरी 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. काय मिळालं, कुठे, कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तारण द्यायचं. लपवलीत तर शोधणाऱ्याला मिळू शकणारा हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

यामागचं कारण कोल्हापूरकराला लांब जाऊन शोधायला नको. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये उत्खनन झालं. सातवाहनांच्या काळातल्या या वस्तीचा रोमशी संबंध होता, हे तिथल्या वस्तूंवरून कळलं. तिथे सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन जरूर पाहा. वस्तू कोणत्या थरात आणि कशाशेजारी होती, यावरून काळ ठरतो. खड्डा पाडून नाणं उपसलं की नाणं हातात राहतं, त्याची माहिती मातीत मिसळून जाते.

आता तुमचा रुपया. हल्लीचं एक रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं आणि ते चुंबकाला चिकटतं; घरात करून बघा. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणारी सेटिंग) लावून लोखंड वगळलं असेल, तर मशीनने तुमचा हुकूम पाळला आणि रुपयाला खिळा समजून सोडून दिलं. चाचणीला पिवळं पाच रुपयांचं नाणं, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि जुने ॲल्युमिनियमचे वीस पैसे घ्या. सोबत एक खिळा आणि एक बाटलीचं बूच. सगळं एकमेकांपासून किमान 60 सेंटीमीटरवर पुरा, आधी 5 आणि मग 10 व 15 सेंटीमीटर खोल, आणि वहीत नकाशा काढून ठेवा. आठवडाभर रोज अर्धा तास त्यावरून कॉइल (मशीनच्या टोकाची तबकडी) फिरवलीत की पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा कानाला जास्त कळायला लागतं.

सहा फुटांचं म्हणाल, तर ते नाण्यासाठी खरं नाही. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, आणि वस्तूकडून परतणारा संकेतही तसाच. म्हणजे छोट्या वस्तूची खोली दुप्पट झाली की संकेत साधारण चौसष्टावा उरतो. म्हणून चांगल्या मशीनलाही नाणं 15-20 सेंटीमीटरपर्यंत स्पष्ट मिळतं; त्याखाली पिंप किंवा लोखंडी पाइप असली मोठी वस्तू असेल तरच काही हाती लागतं.

याला उपाय म्हणून तुम्ही दोन सळयांचं ‘लाँग रेंज’ यंत्र सुचवलंत. कृपा करून ते घेऊ नका. बिजागरीवरची सळई मनगटाच्या नकळत हलण्याने फिरते, धातूने नाही. याच जातीचं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलेलं एडीई 651 पोकळ निघालं आणि विकणाऱ्याला ब्रिटनमध्ये 2013 साली दहा वर्षांची शिक्षा झाली.

जांभा हा मुख्य मुद्दा. जांभ्यात लोहाचे ऑक्साइड ठासून भरलेले असतात, त्यातलं मॅगहेमाइट हे चुंबकीय ऑक्साइड तर खऱ्या धातूसारखा संकेत देतं. कॉइल एक-दोन बोटं वर-खाली झाली तरी आवाज बदलतो, तोच तुम्हाला ‘सतत बीप’ म्हणून ऐकू येतो. कारखान्यातच ठरवून दिलेला ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा संकेत वगळणारी सेटिंग) इथे पुरत नाही. हाताने बदलता येणारा लागतो. कसा करायचा: धातू नसलेली जागा शोधा, कॉइल 30 सेंटीमीटर उचला, जमिनीपासून 3-4 सेंटीमीटरवर आणा, पुन्हा उचला. वर नेताना आणि खाली आणताना आवाज सारखाच येईपर्यंत बटण फिरवत राहा. मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक संकेत पकडायचा ती सेटिंग, निम्म्यावर आणा. ती वाढवली की खोली वाढते असं वाटतं, पण जांभ्यावर फक्त गोंगाट वाढतो. कॉइल 6 इंची असेल तर उत्तम. ती एकावेळी कमी माती बघते. तांबडी माती संपून काळी लागली, की बॅलन्स पुन्हा नव्याने करायचा. शिरोळकडच्या क्षारपड रानात पाणी दिल्यावर ओला क्षारच वीज वाहून नेतो आणि खोटे आवाज येतात, तिथे वाफसा येईपर्यंत थांबा. डीपीजवळ किंवा हाय टेन्शन लाइनखालीही मशीन बडबडतं. खिशातला मोबाइल बंद करा, हातातलं कडं काढा.

मग हा छंद कशासाठी, असं तुम्ही विचारलंत. आमचं उत्तर साधं आहे: भांगलणीत हरवलेलं मंगळसूत्र. दर हंगामात कुणाचं तरी पडतं. त्यासाठी मालकाची परवानगी लागते आणि डिस्क्रिमिनेशन पूर्ण शून्यावर. बारीक सोनं आणि गोळ्यांच्या पाकिटाचा ॲल्युमिनियमचा तुकडा मशीनला जवळपास सारखेच वाटतात. कचरा गाळायला गेलात की सोनंही गाळलं जातं. बारीक साखळीच्या कड्यांतून संकेत नीट उमटत नाही, मशीनला ऐकू येतात त्या दोन वाट्या. म्हणून ‘बारीक, तुटक, पण दोन्ही बाजूंनी येणारा’ आवाज सोडायचा नाही. सरीला दोरी लावा, कॉइल जमिनीला समांतर आणि 2-3 सेंटीमीटरवर ठेवा, टोकाला पोचल्यावर उचलू नका, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढू द्या. आवाज आला की त्याच जागेवर आडवी फेरी मारा. दोन्ही दिशांनी आवाज एकाच बिंदूवर आला तर तिथेच खुरपं लावा, बाजूने, वरून नाही. एक सावधगिरी: ठिबकची नळी प्लास्टिकची, ती मशीनला दिसत नाही, मालकाला विचारूनच खणा. आणि रेघेसारखा लांबच लांब संकेत आला तर ती मोटारीची केबल असू शकते, तिथे हात लावू नका.

तुमच्या मशीनवर ग्राउंड बॅलन्सचं बटण आहे का ते आधी पाहा. नसेल तर माळाचा नाद सोडा, त्याच मशीनवर नदीकाठच्या गाळाच्या शेतात, मालकाला विचारून, सराव होईल. असेल तर वर सांगितलं तसं करून सेन्सिटिव्हिटी निम्मी ठेवा, पाच रुपयांचं नाणं 8 सेंटीमीटर पुरा आणि कसा आवाज येतो ते इथे लिहा. तुटक येतो की अखंड, आणि कॉइल उलट दिशेने नेल्यावर बदलतो का, एवढं कळलं तर पुढची सेटिंग नक्की सांगता येईल.