कपडे धुण्याच्या ‘त्या’ मेसेजमधल्या पाचही सूचना तपासून बघू

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘वीज वाचवा, पर्यावरण वाचवा’ असा एक मेसेज फिरू लागतो. त्यात पाच सूचना असतात: मशीन बंद करून कपडे हातानेच धुवा, मशीन लावलंच तर पंधरा मिनिटांचा क्विक वॉश लावा, पाणी साठ अंश गरम घ्या, नाहीतर जंतू मरत नाहीत, पावडरीऐवजी बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाका, कपडे वाळवायला रात्रभर पंखा लावण्यापेक्षा ड्रायर परवडतो. हेतू चांगला आहे, पण हे सगळं पाळलं तर बिल वाढेल.

आधी गरम पाणी, कारण खरी वीज तिथेच जाते. मशीनची मोटर त्यामानाने थोडकी वीज घेते, हीटर भरपूर. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ वॉट-तास लागतात. फ्रंट लोडमध्ये धुण्याचं पाणी १५ लिटर धरा आणि नळाचं २७ अंशांचं पाणी ६० वर न्या: नुसतं पाणी तापवायला अर्ध्या युनिटहून जास्त गेलं. टॉप लोडमध्ये तितकंच तापवलेलं ४० लिटर पाणी गीझरमधून सोडलंत तर दीड युनिट. नळाच्याच पाण्यात धुतलं तर हा खर्चच नाही. युरोपात ‘तीस अंशांवर धुवा’ असं सांगतात, कारण तिथे थंडीत नळाला दहा अंशांच्या आसपासचं पाणी येतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून तीस अंशांचं पाणी फुकटच मिळतं.

आणि जंतू? रोजच्या कपड्यांना पावडर, घुसळण आणि नीट खळबळणं पुरतं. आजारी माणसाच्या चादरी, बाळाचे लंगोट, धुळीची ॲलर्जी असलेल्याचे अभ्रे यांना जरूर गरम पाणी वापरा. पण रक्ताचा किंवा अंड्याचा डाग गरम पाण्यात टाकलात तर तो पक्का बसतो. तिथे गार पाणीच हवं.

हाताने धुतल्यावर पाणी वाचतं का? बादल्या मोजून धुणाऱ्याचं वाचू शकतं. नळ सोडून खळबळलं तर नाही. चांगली फ्रंट लोड मशीन सात किलो कपड्यांना साधारण ५० लिटर पाणी घेते, टॉप लोड बरंच जास्त. तेवढ्याच कपड्यांमधल्या दोन चादरींचा साबण हाताने पूर्ण काढून बघा, किती बादल्या लागतात ते कळेल. मुंबईत हे पाणी भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येतं आणि नंतर सोसायटीचा पंप ते गच्चीवर चढवतो, म्हणजे सांडलेल्या बादलीबरोबर वीजही सांडते. शिवाय मोरीत वाकून हे काम बहुतेक घरांत आई नाहीतर कामाच्या मावशी करतात. त्यांच्या कंबरेचा हिशेब त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, याचा मला मनापासून राग येतो. मशीन पूर्ण भरून लावा आणि कॉलरला आधी साबणाची वडी घासा, एवढं पुरे.

क्विक वॉश थोड्या, कमी मळलेल्या कपड्यांसाठी असतो. भरलेला ड्रम त्यात नीट धुतला जात नाही आणि एकाऐवजी दोन फेऱ्या होतात. इको प्रोग्रॅम तासन्‌तास चालतो तो पाणी कमी तापवून वेळेने मळ काढण्यासाठी. वेळ जास्त म्हणजे वीज जास्त, असं नसतं.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की एकमेकांना मारतात. फेस येतो, मळ निघत नाही. त्यापेक्षा पावडर मोजून घाला. तलावाचं पाणी बोअरिंगच्या पाण्याइतकं जड, म्हणजे क्षारांचं, नसतं, त्यामुळे ती कमीच लागते.

राहिला ड्रायर. जुना ७५ वॉटचा पंखा आठ तास चालला तर ०.६ युनिट, नवा ३० वॉटचा असेल तर पाव युनिट. साधा हीटरवाला ड्रायर एका भरलेल्या फेरीला दोन-तीन युनिट सहज घेतो. तीच उष्णता पुन्हा वापरणारा हीट पंपवाला कमी घेतो, पण तोही पंख्याच्या खाली येत नाही. जुलैत कपडे कुबट होतात ते तासन्‌तास ओले राहिल्याने, म्हणून स्पिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर ठेवा, संपताच काढून झटका, छताच्या दांड्यांवर मध्ये चार बोटं जागा सोडून घाला, जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढा आणि खिडकी किंचित उघडी ठेवा. सकाळी शर्ट थोडा ओलसर लागला तर तो इस्त्रीने वाळवू नका. इस्त्री १००० वॉटची असते.