रोजनिशी कोलंबसाची, अक्षर दुसऱ्याचं

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया जरा झोंबली, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोलंबसाच्या १४९२च्या रोजनिशीवर लिहिताना मी 'खुद्द त्याच्याच शब्दांत' असं ठोकून दिलं, पण मूळ रोजनिशी आज कुठेच नाही, मला स्पॅनिश येत नाही, मी वाचतो ते इंग्रजी भाषांतर. मग अस्सल साधनांच्या गप्पा कशाला? त्यापेक्षा एखाद्या जाणत्या इतिहासकाराचं पुस्तक वाचावं, आणि मुलांच्या हाती तर पाठ्यपुस्तकच द्यावं.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. मूळ वही स्पेनच्या राजाराणीकडे गेली आणि पुढे हरवली. तिची नक्कलही हरवली. उरला आहे तो बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने हाती आलेल्या नकलेवरून स्वतः काढलेला गोषवारा. त्यातला बराच मजकूर 'दर्यासारंग (म्हणजे कोलंबस) म्हणतो की' अशा थाटाचा. मधेच 'हे त्याचेच शब्द' असं सांगून उतारे. म्हणजे माझं वाक्य चूकच होतं, ते लेखात बदललं आहे. मोडी कागदाच्या नकलेला कुणी अस्सल म्हटलं असतं तर मीच भांडायला उठलो असतो!

पण नक्कल म्हणून ती बाजूला ठेवावी, हे पटत नाही. १० सप्टेंबरची नोंद घ्या. त्या दिवशी गलबतं ६० लीग (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप) गेली आणि खलाशांना ४८च सांगितल्या; प्रवास लांबला तर त्यांनी धीर सोडू नये म्हणून. ही धूर्तपणाची गोष्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकली आहे. आता १ ऑक्टोबरला या. कॅनरी बेटांपासून किती आलो, याचे तिथे तीन आकडे आहेत. कोलंबसाच्याच गलबतावर वाटेचा हिशेब ठेवणारा माणूस म्हणतो ५७८ लीग. खलाशांना दाखवलेला आकडा ५८४. कोलंबसाने मनात ठेवलेला 'खरा' आकडा ७०७.

इथे मी अडखळलो. हिशेब ठेवणारा माणूस आपल्या पद्धतीने मोजून ५७८वर पोहोचला असेल, तर ५८४ सांगून कोलंबसाने फसवलं कुणाला? पुढे कळलं की काही अभ्यासकांनाही हीच शंका आली होती. ६० आणि ४८ यांचं प्रमाण पाचास चार. त्यांच्या मते ही लबाडी नसून दोन वेगवेगळ्या लांबीच्या लीग असाव्यात: एक कोलंबसाच्या सवयीची, दुसरी त्याच्या खलाशांच्या ओळखीची. फसवणुकीचं कारण गोषवारा काढणाऱ्याने आपल्या समजुतीने घातलं असावं. यावर सगळ्यांचं एकमत आहे असं मी म्हणत नाही. पण ही शंका यायला मला स्पॅनिश लागलं नाही, तीन आकडे एकाखाली एक मांडणं पुरलं. आणि गोषवारा दुसऱ्याच्या हातचा आहे ही तुमचीच हरकत इथे कामाला आली, ती अशी.

भाषेचं म्हणाल तर ती अडचण कोलंबसालाही होतीच की. अरबी आणि हिब्रू जाणणारा लुइस दे तोरेस हा दुभाषा त्याने बरोबर नेला होता. क्युबात त्याचा काय उपयोग होणार? त्याआधी, १२ ऑक्टोबरच्या नोंदीत, पहिल्यांदा जमीन लागली त्या बेटावरच्या लोकांबद्दल कोलंबस लिहितो की हे चांगले नोकर होतील, आणि सहज ख्रिस्ती होतील, कारण यांना काही धर्म असावा असं दिसत नाही. पहिल्याच दिवशी, त्यांच्या भाषेचा एक शब्द न येता! काही वर्षांनी रामोन पाने नावाचा साधा मठवासी त्याच लोकांत राहिला, भाषा शिकला, आणि त्यांच्या देवांची, उत्पत्तीच्या कथांची हकिगत लिहून गेला. तिचंही मूळ हरवलं, पूर्ण मजकूर उरला तो इटालियन भाषांतरात, १५७१च्या. तुम्हाला हेही चालणार नाही बहुधा. पण ते टाकलं तर त्या बेटांवरच्या माणसांबद्दल फक्त 'धर्म दिसत नाही' एवढंच हाती उरतं.

इतिहासकारांना मी रजा दिलेली नाही. दोन लीगचा उलगडा त्यांच्याचकडून झाला.

राहता राहिलं पाठ्यपुस्तक. माझी भाची नववीत आहे. तिला मी दोन कागद दिले. एक रोजनिशीतला २५ डिसेंबरपासूनचा भाग: कोलंबसाची सांता मारिया ही नौका उथळ पाण्यात रुतून फुटली, तिच्या लाकडांचा किल्ला बांधायचं ठरलं आणि तिथे ३९ माणसं मागे ठेवली गेली. दुसरा कागद म्हणजे परतीच्या वाटेवर, फेब्रुवारी १४९३मध्ये कोलंबसाने लिहिलेलं आणि त्याच वर्षी छापून युरोपभर गेलेलं पत्र. त्यात किल्ला आहे, मागे ठेवलेली माणसं आहेत, पुरेशी शिबंदी असल्याचा रुबाब आहे.

भाचीने पत्र संपवलं, उलटून पाहिलं, आणि विचारलं, "मामा, जहाज फुटल्याचं यात कुठेच कसं नाही?"