‘पब्लिक ऐकत नाही’ हे उत्तर मला मान्य नाही

गेल्या रविवारी सातारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या माळावर मोटारसायकलींच्या डर्ट ट्रॅक शर्यती होत्या. नऊ वर्षांच्या भाच्याने हट्ट धरला म्हणून त्याला घेऊन गेलो आणि त्याला धडधाकट घरी परत आणता आले, हे केवळ नशीब. आज चार दिवस झाले तरी संताप शमलेला नाही.

ट्रॅक मुरमाचा होता, टँकरने पाणी मारून रोलर फिरवलेला, आणि त्यावर तीन मोठ्या उड्या होत्या. प्रेक्षक आणि ट्रॅक यांच्यामध्ये काय होते, तर जमिनीत ठोकलेले बांबू आणि त्यांना बांधलेली निळी नायलॉनची दोरी. गोठ्यात वासरू बांधायलाही आपण याहून जाड दोरी वापरतो. सर्वांत मोठ्या उडीनंतर गाडी जिथे जमिनीला टेकते, नेमकी तिथेच सर्वांत जास्त गर्दी होती, कारण हवेतली गाडी तिथून समोर दिसते. पुढे माणसे मांडी घालून बसलेली, त्यांच्यामागे पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, आणि त्यांच्याही मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढलेली तरुण मुले.

दुपारच्या तिसऱ्या फेरीत एका स्वाराची उडी कमी पडली, पुढचे चाक उताराच्या तोंडाशी रुतले, स्वार एका बाजूला फेकला गेला आणि गाडी दोन बांबू उपटून सरळ माणसांत घुसली. कॉलेजातल्या एका मुलाची नडगी मोडली. त्याची एक चप्पल दोरीच्या गुंत्यात अडकून राहिली होती आणि आडव्या पडलेल्या गाडीचे मागचे चाक फिरतच असल्यामुळे मुरूम उडून आमच्या तोंडावर येत होता. मी आणि भाचा तिथून दोन हातांवर होतो.

पुढचे ऐका. हे घडल्यावर त्या उडीवर पिवळा झेंडा दाखवणारे कोणी नव्हते. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणाला मागे टाकू नका, हे स्वारांना माहीत असते. पण मार्शलचे, म्हणजे ट्रॅकवर झेंडा दाखवून स्वारांना सावध करणाऱ्याचे, जाकीट घातलेला तिथला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा मोबाईलवर चित्रीकरण करत होता आणि झेंडा त्याच्या बगलेत गुंडाळलेला होता. त्यामुळे जखमी मुलगा खाली पडलेला असताना आणखी दोन गाड्या त्याच उडीवरून हवेत आल्या. रुग्णवाहिका होती, पण वडापावच्या गाड्यांच्या मागे, आणि तिच्यापुढे शंभरेक दुचाकी लावलेल्या. ती बाहेर निघायला वीस मिनिटे लागली आणि तोवर त्या मुलाला कोणाच्या तरी जीपमध्ये आडवे घालून नेलेही होते.

आयोजकांपैकी एकाला मी गाठले. त्याने माझ्याकडे न बघताच सांगितले, “पब्लिक ऐकत नाही हो दादा, आम्ही माईकवरून किती वेळा सांगितले.” मला चीड आली आहे ती या वाक्याची. पडणे हा या खेळाचाच भाग आहे आणि त्या स्वाराबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण जो तिकीट घेतो, फ्लेक्सवर स्वतःचा फोटो छापतो आणि बक्षिसाची रक्कम माईकवरून दहा वेळा जाहीर करतो, त्याने प्रेक्षक कुठे उभे राहतील हे ठरवायचेच नाही आणि माणूस मोडला की त्यालाच बेशिस्त म्हणायचे, हे कसे चालेल?

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. गाडी आपल्याकडे येते आहे हे कळून पाय उचलेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. उडीचा उतार, वळणाची बाहेरची बाजू आणि सरळ पट्ट्याचे टोक, ताबा सुटलेली गाडी याच ठिकाणी येते, आणि म्हणूनच नीट भरवलेल्या शर्यतीत या जागा प्रेक्षकांना बंद असतात.

हे धडे जगाने रक्त सांडून घेतलेले आहेत. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या मोटार रॅलीत लोक अक्षरशः रस्त्यावर उभे होते. फोर्डची एक गाडी गर्दीत घुसून तीन जण मेले आणि तीसहून अधिक जखमी झाले, तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या चालकांनी त्याच दिवशी रॅली सोडून दिली. १४ ऑगस्ट २०१० च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात शर्यतीचा एक ट्रक उंचवट्यावरून उडाला, ताबा सुटून उलटला आणि त्याखाली आठ प्रेक्षक गेले. तिथेही उडी होती, तिथेही माणसे ट्रॅकच्या काठावर होती आणि मध्ये कठडा नव्हता. आपल्याकडे, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक कुटुंब मोटारसायकलवरून आले आणि रॅलीच्या गाडीची धडक बसून तिघेही गेले. एवढे सगळे होऊनही आमच्या माळावर अजून बांबू आणि दोरी.

लोक ऐकत नाहीत म्हणे! याच माणसांना मी बैलगाडी शर्यतीच्या मैदानात पाहिले आहे. फाट्यांमध्ये, म्हणजे बैल धावण्याच्या पट्ट्यांमध्ये, माणूस दिसला तर शर्यत सोडणारा झेंडा पंच निशाण टाकत नाही, समालोचक नावानिशी पुकारतो आणि लोक मुकाट्याने बाजूला होतात, कारण आपण हललो नाही तर गट, म्हणजे एका वेळी धावणाऱ्या गाड्या, सुटणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. (निकालाच्या रेषेपलीकडे मात्र तिथेही माणसे बैलांच्या अंगावर धावतात, ते झाकण्याचे कारण नाही.) म्हणजे लोक ऐकतात, फक्त शर्यत थांबवण्याची तयारी असावी लागते. रविवारी माईकवरून “मागे सरका, मागे सरका” चालले होते आणि त्याच वेळी पुढची फेरी सोडली जात होती. मग मागे कोण कशाला सरकेल?

आणि पैसे नव्हते असेही मी ऐकून घेणार नाही. जुन्या टायरची दुहेरी भिंत तिथे होती. ती पाहुण्यांच्या मांडवापुढे रचलेली होती. माळाच्या वरच्या अंगाला चांगला चढ आहे, तिथून सगळा ट्रॅक दिसतो, तिथे चार-पाचशे माणसे उंचावर निर्धास्त बसली असती. पण ती जागा मांडवाने, सोफ्यांनी आणि पुढाऱ्यांच्या गाड्यांनी अडवलेली होती. धोका कुठे आहे आणि तो कसा अडवायचा, हे आयोजकांना पूर्ण माहीत होते. ज्यांना वाचवायचे त्यांना त्यांनी वाचवले आणि तिकीट काढून आलेल्यांना दोरीशी बसवले. हे अज्ञान असते तर मी एवढा पेटलो नसतो.

बुधवारी मी पुन्हा त्या माळावर गेलो आणि पावलांनी अंतर मोजले. गाडी टेकण्याच्या जागेपासून दोरी चार पावलांवर, मांडव बासष्ट पावलांवर. उपटलेले दोन बांबू पुन्हा त्याच भोकांत रोवलेले होते. फाट्यावर पुढच्या महिन्यातल्या शर्यतीचा फ्लेक्स लागला आहे आणि त्यावर लहान मुलांना प्रवेश मोफत असल्याचे ठळक अक्षरांत छापले आहे. ही पावलांची मोजणी, बांबूंचे फोटो आणि त्या फ्लेक्सचा फोटो जोडून मी तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे आणि दोन्हीकडून पोच घेतली आहे.