रेडिएटरचं तोंड फाकवून इंजिन थंड होत नाही

घरी विमान बांधणाऱ्यांत सध्या एक मजकूर फिरतोय: ‘हवा घ्यायचं तोंड रेडिएटरएवढंच मोठं करा, प्रोपेलरच्या अगदी मागे ठेवा, इंजिन तापणार नाही. मस्टँगसारखं पोटाखाली लावलंत तर शिवाय पुढे ढकलणारा फुकटचा जोर.’ (मस्टँग म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी लढाऊ विमान.) बेळगावच्या उद्यमबागेतल्या दोघांनी मलाही पाठवला. पत्र्याला कात्री लावायच्या आधी जरा थांबा.

आधी तोंडाचं. रेडिएटरमधून हवा जाते ती त्याच्या पुढच्या-मागच्या दाबातल्या फरकामुळे. तोंड लहान आणि आत वाट हळूहळू रुंदावणारी असली, की हवा मंदावते आणि तिचा दाब वाढतो. तोंडच रेडिएटरएवढं केलं तर जादा हवा कडेवरून सांडते, ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, तेवढा वाढतो. आणि हवा बाहेर पडणार कुठून? मजकुरात त्याबद्दल चकार शब्द नाही.

आम्ही बोलेरो पिकअपच्या टपावर डक्ट, म्हणजे रेडिएटर बसवलेली हवेची बंदिस्त वाट, बांधून निपाणी रोडला गेलो. दाब मोजायला सलाईनच्या नळीत रंगीत पाणी. मोकळ्या वाऱ्यात ताशी 80 किलोमीटरला पाणी 28 मिमी चढलं, 40 ला फक्त 7. मग नळीची टोकं रेडिएटरच्या पुढे-मागे लावली आणि डक्टची मागची वाट फळीनं निम्मी झाकली. पाणी झरकन उतरलं. नळी धरून बसलेला पोरगा ओरडला, “अण्णा, पुढं एवढं तोंड असून पाणी चढंना की!”

वेग निम्मा, दाब पाव. त्यामुळे विमान ताशी 110 किलोमीटरनं चढताना सरळ उड्डाणातल्या 180 च्या मानानं जेमतेम 37 टक्के दाब मिळतो, आणि इंजिन तर तेव्हाच पूर्ण ताकदीवर. तापतं ते तिथंच. त्यासाठी मागे उघडमीट करणारं झाकण हवं.

प्रोपेलरचं म्हणणं जमिनीवर थोडं खरं आहे. पण स्पिनरजवळ, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या टोपीजवळ, पातं म्हणजे जाड दांडाच, तिथं वारा बेताचा.

राहिलं मस्टँग. तापून फुगलेली हवा अरुंद वाटेनं मागे फेकली की ती ढकलते, हे मेरेडिथ या ब्रिटिश अभियंत्यानं 1935 मध्ये मांडलं. पण मस्टँग ताशी सातशेच्या आसपास पळायचं, आणि तरीही त्या जोरातून मुख्यतः रेडिएटरचाच ड्रॅग भरून निघायचा. आपल्या 180 ला काय हाती लागणार?

पोटाखालीच लावायचं असेल तर पोटाला घासून येणारी मंद हवा टाळा. नाकापासून अडीच मीटर मागे तिचा थर तीन-चार सेंटिमीटर होतो. म्हणून मस्टँगच्या तोंडाची वरची कड पोटापासून सुटी, खाली उतरवलेली असते. मजकुरासोबतच्या चित्रात नेमकी तीच फट बुजवलीय.