एका कोंबडीचीही नोंदणी लागते आणि उरलेली पोळी घालणं गुन्हा आहे हे खरं, बाकी सगळा निरोप खोटा

गेल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या लेस्टरहून आत्याचा फोन आला. आवाज इतका पडलेला की मला वाटलं घरात काही बरंवाईट झालं. म्हणाली, "दोन कोंबड्या देऊन टाकल्या गं, उरलेल्या दोन उद्या नेतील. पोलीस येण्यापेक्षा बरं." मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला एक मराठी निरोप तिने तीनदा वाचला होता. त्यानंतर तोच निरोप मला आणखी चार जणांनी पाठवला. म्हणून आता नीटच उत्तर देते.

निरोपाचा गोषवारा असा: ब्रिटनमध्ये परसात कोंबड्या पाळायला बंदी आली आहे. खुराड्याला काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी लागते. भाड्याच्या घरात तर पाळताच येत नाहीत. एका कोंबडीचीही नोंदणी आता सक्तीची आहे, पण ती नोंदणी हा सापळा आहे. नाव दिलंत की बर्ड फ्लूच्या नावाखाली तीन किलोमीटरमधल्या सगळ्यांच्या कोंबड्या मारून नेतील, तेव्हा नोंदणी करू नका. आणि शेवटी, उरलेली पोळी कोंबडीला घातली तरी गुन्हा.

आधी बंदीबद्दल. अशी कुठलीही बंदी नाही. झालं ते एवढंच: पूर्वी 50 किंवा त्याहून जास्त पक्षी असतील तरच सरकारदरबारी नोंदणी सक्तीची होती. 1 सप्टेंबर 2024 पासून स्कॉटलंडमध्ये आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड व वेल्समध्ये ती मर्यादा गेली. आता एक कोंबडी असली तरी नोंदणी करावी लागते, आणि न करणं हा गुन्हा आहे. हे मी लपवत नाही, निरोपातली ही गोष्ट खरी आहे. पण नोंदणीला पैसे पडत नाहीत आणि ती म्हणजे परवानगीही नाही. तुमच्याकडे किती पक्षी आहेत आणि कुठे आहेत हे कळवायचं, बस्स. घराबाहेर कधीच न जाणाऱ्या पिंजऱ्यातल्या पोपटाला किंवा बजरीगरला तीही लागत नाही.

खुराड्याच्या परवानगीचं फार लांबवत नाही. इंग्लंडमध्ये 2015 च्या नियोजन आदेशात घरमालकाला परवानगीशिवाय अंगणात काय बांधता येतं त्याची यादी आहे. घरच्या गरजेसाठी किंवा हौसेसाठी कोंबड्या आणि मधमाश्या पाळायचं बांधकाम त्यात स्पष्ट शब्दांत आहे. ते घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे नको, कुंपणापासून दोन मीटरच्या आत असेल तर उंची अडीच मीटरच्या वर नको, आणि सगळी बांधकामं मिळून मोकळी जागा निम्म्याहून जास्त व्यापायला नको. ही सवलत स्वतंत्र घरांना आहे, फ्लॅटना नाही. वारसा यादीतल्या घरांना वेगळे नियम आहेत. आत्याचं खुराडं तिच्या खांद्यालाही लागत नाही.

भाड्याच्या घराचा मुद्दा मात्र मला सविस्तर सांगायचा आहे, कारण तिथे निरोप लिहिणाऱ्याने सत्य बरोबर उलटं केलं आहे. 1950 चा एक कायदा आहे, अलॉटमेंट्स अ‍ॅक्ट. दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती, तरी इथे अंडी रेशनवरच होती. ते रेशन 1953 मध्ये उठलं. घरी कोंबड्या पाळणारे लोक अंड्यांचे कूपन सोडून त्याऐवजी कोंबड्यांचं खाद्य घेत. त्या काळात संसदेने कायद्याच्या 12 व्या कलमात लिहून ठेवलं की भाडेकरारात, लीजमध्ये किंवा जमिनीच्या कुठल्याही अटीत काहीही लिहिलेलं असलं, तरी त्या जागेत राहणाऱ्याला धंद्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी कोंबड्या किंवा ससे पाळता येतील, आणि त्यासाठी लागेल तेवढं खुराडंही उभारता येईल. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे कलम आजही लागू आहे. म्हणजे घरमालकाने करारात "कोंबड्या नकोत" असं छापलं तरी कायदा भाडेकरूच्या बाजूने उभा आहे. अट एकच, आरोग्याला अपाय किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होता कामा नये.

आणि हो, त्या कलमात माद्या आहेत, कोंबडा नाही. कोंबडा पहाटे चारला आरवू लागला आणि शेजाऱ्याने तक्रार केली तर 1990 च्या पर्यावरण कायद्याखाली काउन्सिल नोटीस देऊ शकतं. ते मला रास्तच वाटतं. अंड्यांसाठी कोंबडा लागतही नाही.

आता त्या निरोपातली सगळ्यात घातक ओळ: "नोंदणी करू नका." ही ओळ लिहिणाऱ्यावर मला खरोखर राग आहे.

"तीन किलोमीटरमधल्या सगळ्या मारतात" ही भीती कुठून आली ते मला कळतं. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लागण झालेल्या फार्मांबरोबर आसपासच्या टापूतल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. लाखोंनी. आत्या त्या वर्षी भारतात होती आणि टीव्हीवरची ती दृश्यं ती अजून विसरलेली नाही. भारतात आजही लागणीच्या जागेभोवती ठरावीक परिघातले पक्षी मारण्याची पद्धत आहे. पण इथे तीन किलोमीटरचा घेरा संरक्षणाचा असतो आणि दहा किलोमीटरचा पाळतीचा. त्या घेऱ्यांत पक्ष्यांची ने-आण थांबते, तपासणी होते, कोंबड्या जंगली पक्ष्यांपासून दूर ठेवाव्या लागतात. रोग ज्या जागी सापडला तिथले पक्षी मारतात, घेऱ्यात आले म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचे नाही. 7 नोव्हेंबर 2022 ते 18 एप्रिल 2023 या काळात सगळ्या इंग्लंडभर कोंबड्या बंदिस्त ठेवण्याचा हुकूम होता. तेव्हा आत्याने खुराड्यावर जाळी आणि ताडपत्री घातली, हिवाळा काढला, आणि चारही कोंबड्या जगल्या.

नोंदणी नसेल तर काय होतं, याचा विचार करा. दोन मैलांवरच्या फार्मवर रोग सापडला, घेरा पडला, आणि तुमचं नाव कुठेच नाही. तुम्हाला कळवणार कोण? हा विषाणू रानबदकांच्या विष्ठेतून, साचलेल्या पाण्यातून, तुमच्या बुटाच्या तळव्याला लागूनही येतो, आणि कोंबडीला मरायला एखाददोन दिवस पुरतात. वेळेवर कळलं तर दाणा-पाणी आडोशाला नेता येतं, बूट धुता येतात. रोगाचा संशय आला तर कळवणं बंधनकारक आहेच. शिवाय मारलेल्या पक्ष्यांमध्ये जे निरोगी होते त्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लपून बसणाऱ्याचं नुकसान दुहेरी होतं.

राहिली पोळी. इथे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं की निरोप बरोबर आहे, आणि आत्याला हे सांगताना मला सगळ्यात जड गेलं. आपल्याकडे कोंबडी शिळंपाकं खाऊनच वाढते, भाताची शितं तिचीच. पण ब्रिटनमध्ये स्वयंपाकघरातून आलेलं काहीही कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे. अपवाद फक्त पूर्ण व्हीगन घराचा. आपल्या शाकाहारी घरातही दूध-तूप असतंच, त्यामुळे ते घर या अपवादात बसत नाही. याचं मूळ 2001 च्या लाळ्या-खुरकूत साथीत आहे. नॉर्थम्बरलंडमधल्या एका डुकरांच्या फार्मवर नीट न शिजवलेलं खरकटं घातल्याने ती सुरू झाली असं मानलं जातं, आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. परसातली मेथी किंवा कोबीचा पाला मात्र स्वयंपाकघरात न नेता थेट वाफ्यातून खुराड्यात टाकला तर चालतो. आत्याला दारातल्या वाफ्याचा आता हाच उपयोग सांगितला आहे.

शनिवारी मी लेस्टरला गेले आणि तिच्या शेजारी बसून उरलेल्या दोघींची नोंदणी केली. चहा गार व्हायच्या आत झाली. देऊन टाकलेल्या दोघी ज्यांच्याकडे गेल्या, त्या बाईंनीही तो निरोप वाचून नोंदणी करायची नाही असं ठरवलं होतं. नव्या पाळणाऱ्याला महिन्याभराची मुदत असते. त्यांच्याकडे येत्या रविवारी जाणार आहे, आणि त्यांची हरकत नसेल तर त्या दोघींना परत घेऊन येईन.