कानातला केस आणि शुद्ध लोकर

माझ्या कपाटात सध्या एक मरून स्वेटर आहे. डाव्या बाहीचा काठ उसवलेला, किंमत 1,450 रुपये. तो मी घेतलेला नाही, माझ्या गळ्यात पडलाय. आणि ज्या काकांमुळे पडला, त्यांचं नावही मला माहीत नाही.

डिसेंबरअखेर मैत्रिणींबरोबर उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला ट्रेकला जायचं ठरलंय. साडेबारा हजार फूट, बर्फ, रात्री पारा शून्याखाली. ट्रेकवाल्यांच्या यादीत पहिलीच सूचना: अंगालगत सुती कपडे नकोत. सुती कपडा घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि चढ संपून जरा थांबलं की हुडहुडी भरते. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास ओलावा पोटात घेऊनही ओली लागत नाही. शिवाय तोच कपडा तीन दिवस घातला तरी तंबूतल्या शेजारणी उठून जात नाहीत. एवढं ज्ञान आणि मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, हे नाव घेऊन मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका दुकानात शिरले.

बाहेर नोव्हेंबरातही घामाच्या धारा. ठाण्यात थंडी पडली म्हणजे पंखा पाचावरून तीनवर येतो. तरी तलावपाळीवर पहाटे माकडटोप्या फिरायला निघतातच, कुणासाठी ते देव जाणे.

‘‘मेरिनो आहे का?’’ मी विचारलं.

‘‘सगळं आहे मॅडम. प्युअर वूलन, लुधियानाचा माल,’’ म्हणत सेल्समनने मरून स्वेटर पुढ्यात टाकला.

‘‘कुठे निघालात?’’ हा प्रश्न स्टुलावरून आला. तिथे एक काका बनियनचा खोका मांडीवर घेऊन बसले होते.

मी सांगितलं. सांगायला नको होतं, पण ठाण्यात वडीलधाऱ्यांनी विचारलं की तोंडातून उत्तर आपोआप बाहेर पडतं.

‘‘मिस्टर येतायत?’’

‘‘नाही.’’

‘‘त्यांना विचारलंत का?’’

मी स्वेटरची वीण निरखू लागले.

‘‘घोंगडी न्या,’’ काका म्हणाले. ‘‘धनगरी. पाऊस असो, थंडी असो, काही होत नाही.’’

मी म्हटलं, काका, घोंगडीची लोकर जाड असते, अंगाला टोचते. मेरिनोचे तंतू इतके बारीक की त्वचेला लागले तरी वाकतात, म्हणून टोचत नाहीत. आणि एक जाडजूड घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, मधली हवा ऊब धरते. काकांनी हे सगळं, बारशाला आलेल्या बाईने बाळाचं नाव ऐकावं तसं, नापसंती लपवत ऐकलं.

‘‘बरं, पण ही लोकर आहे कशावरून?’’

इथेपर्यंत मी त्यांच्या बाजूची होते. पण मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातातल्या स्वेटरच्या बाहीतून एक धागा ओढला. चांगला वीतभर. उठले, गल्ल्यावरच्या लक्ष्मीपुढची काडेपेटी घेतली आणि धागा पेटवला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला.

‘‘प्लॅस्टिक!’’ काका गरजले. ‘‘लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. राख होते, चिमटीत चुरगळते.’’ आणि आम्हाला फरक नीट कळावा म्हणून त्यांनी कानात दोन बोटं घातली, एक लांब पांढरा केस उपटला आणि तोही पेटवला.

वास खरोखर आला. साड्यांच्या काउंटरपर्यंत गेला. एक बाई पदर नाकाला लावून माझ्याकडेच बघत होत्या, जणू कान माझा होता.

मी शिवणीतलं लेबल उलटं केलं. मुंगीच्या अक्षरात: 100 टक्के ॲक्रिलिक. काका शंभर टक्के बरोबर होते, याचाच जास्त राग आला.

‘‘मग मला हा नको,’’ मी म्हटलं.

मालक इतका वेळ मोबाइलमध्ये होते. आता त्यांनी मान वर केली. ‘‘मॅडम, पीस खराब झाला. हा आता कोण घेणार?’’

‘‘मी नाही ओढला धागा.’’

‘‘तुमच्यासाठीच ओढला ना.’’

मी काकांकडे पाहिलं. काका बनियनची साइज बघण्यात गढले होते. नंतर समजूत घालावी तशा सुरात म्हणाले, ‘‘घेऊन टाका. घरात घालायला बरा आहे.’’ घरात! ठाण्यात!

भांडायला हवं होतं, पण मागे रांग लागली होती आणि त्या पदरवाल्या बाईही रांगेत होत्या. ॲक्रिलिक वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. निम्म्या शाळांचे स्वेटर त्याचेच असतील. पण मग तसं सांगा ना! मेंढीचा फोटो छापायचा, लोकरीचा भाव लावायचा आणि खरं काय ते शिवणीच्या आत दडवायचं. खऱ्या मेरिनोचा साधा टी-शर्ट ऑनलाइन हजारांच्या भाषेत बोलतो आणि आपल्याकडे त्याला हात लावून बघायची सोय नाही. वरचं जाड जॅकेट ट्रेक सुरू होतो त्या सांक्री गावात भाड्याने मिळतं, ठीक. पण अंगालगतचा थर भाड्याचा कोण घालणार?

मी पैसे भरले. काकांचं बिल माझ्या पाठोपाठ झालं: तीन बनियन, शुद्ध सुती. त्यांना दहा टक्के सूट मिळाली. जुनं गिऱ्हाईक, म्हणे.